कामात अडलं तर तुम्ही कोणाला विचारता? कंपन्यांना हवा असलेला 'नात्यांचा नकाशा' काय आहे?

ऑफिसच्या ईमेलवर एक लिंक येते. 'दहा मिनिटांचा सर्व्हे आहे, शुक्रवारपर्यंत भरा.' सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे असतात. काम आवडतं का? कँटीन कसं आहे? वरिष्ठ ऐकून घेतात का? मग एक वेगळाच प्रश्न येतो: 'कामात अडचण आली तर तुम्ही कोणाकडे जाता? पाच जणांची नावं निवडा.'

आधीचे प्रश्न तुमच्याबद्दल होते. हा प्रश्न तुम्हाला विचारला असला तरी त्याचं उत्तर दुसऱ्या पाच माणसांबद्दलचं आहे. सगळ्यांची अशी उत्तरं एकत्र केली की कंपनीत कोण कोणावर अवलंबून आहे, कोण दोन विभागांना जोडतं आणि कोणाला कोणीच विचारत नाही, हे एका चित्रात दिसतं. या पद्धतीला 'ऑर्गनायझेशनल नेटवर्क अॅनालिसिस' किंवा थोडक्यात 'ओएनए' म्हणतात.

प्रश्नावली घेऊन माणसांकडे जाणं गोवंडी-देवनार परिसराला नवीन नाही. गोवंडी स्टेशन रोडवर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मुख्य जबाबदारी तिच्याकडे असते. तिथून थोड्याच अंतरावर टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे 'टिस' आहे. १९३६ साली सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. कंपन्यांच्या एचआर विभागांत जाणारे अनेक तरुण इथेच मनुष्यबळ आणि कामगार संबंधांचं शिक्षण घेतात. माणसांना प्रश्न कसे विचारायचे आणि उत्तरांचं काय करायचं, याचे काही नियम या शिक्षणात आणि सर्वेक्षणात रुळलेले आहेत. ऑफिसातल्या या नव्या सर्व्हेत ते पाळले जातात का, हा खरा प्रश्न आहे.

नकाशा तयार कसा होतो?

समजा, गोवंडी-चेंबूर भागात यंत्रांचे सुटे भाग बनवणारी ६० माणसांची कंपनी आहे. भिंतीवरच्या तक्त्यात वर मालक, खाली प्लांट मॅनेजर आणि त्याखाली तीन विभागप्रमुख आहेत. सर्वेक्षणात प्रत्येकाला सगळ्यांच्या नावांची यादी देऊन तीन प्रश्न विचारले: माहितीसाठी कोणाकडे जाता? सल्ल्यासाठी कोणाकडे जाता? मनातली शंका कोणाजवळ बोलता?

प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक उत्तर म्हणजे एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. सगळे बाण काढल्यावर तीन गोष्टी दिसतात. पहिली, सगळ्यात जास्त बाण कोणाकडे येतात. कदाचित प्लांट मॅनेजरकडे नाही, तर २० वर्षं नोकरी झालेल्या स्टोअरकीपरकडे. दुसरी, दोन गटांमधला दुवा कोण आहे. खरेदी विभाग आणि उत्पादन विभाग एकमेकांशी फक्त एका डिस्पॅच क्लार्कमार्फत बोलत असतील, तर तो रजेवर गेल्यावर काम का अडतं हे कळतं. तिसरी, कोण कडेला पडलं आहे. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या इंजिनिअरकडे एकही बाण येत नसेल, तर तो लवकरच नोकरी सोडण्याची शक्यता असते.

एरवीच्या सर्व्हेत निम्म्या लोकांनी उत्तरं दिली तरी साधारण अंदाज बांधता येतो. इथे तसं चालत नाही. १०० माणसांमध्ये ४,९५० जोड्या होतात. त्यातल्या ८० जणांनीच उत्तरं दिली, तर दोन्ही बाजूंचं म्हणणं फक्त ३,१६० जोड्यांबद्दल कळतं. म्हणजे २० टक्के माणसं गप्प राहिली की ३६ टक्के नात्यांची माहिती अपुरी राहते. 'सगळ्यांनी भरलाच पाहिजे' असा आग्रह धरला जातो तो यामुळे.

ही कल्पना आली कुठून?

जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने १९३० च्या दशकात माणसांमधल्या आवडीनिवडीचे असे आराखडे काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या सुधारगृहातून १९३२ मध्ये दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. कोणत्या मुलींचं एकमेकींशी कसं नातं होतं, याच्या आराखड्यातून मोरेनोने या पळून जाण्याचा अर्थ लावला. १९३४ साली त्याचं पुस्तक आलं.

त्याच काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १४ कामगारांच्या एका गटाचं १९३१-३२ मध्ये निरीक्षण झालं. कोण कोणाशी मैत्री करतं, कोण कोणाला मदत करतं, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून कोणाचं भांडण होतं, सगळं टिपलं गेलं. त्यातून कळलं की कामगारांनी स्वतःचे अलिखित नियम केले होते: फार जास्त काम करायचं नाही, फार कमी करायचं नाही आणि सहकाऱ्याची चुगली करायची नाही. हे नियम कामगारांनी एकमेकांच्या संरक्षणासाठी केले होते, आणि निरीक्षणामुळे ते व्यवस्थापनाला दिसले. या पद्धतीतला पेच तेव्हापासूनचा आहे.

भारताचाही अशा अभ्यासांशी संबंध जुना आहे. कमला चौधरी यांनी थिओडोर न्यूकम्ब यांच्याबरोबर १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहकाऱ्यांनी ज्यांना नेते म्हणून निवडलं त्यांना गटाच्या मताचा अंदाज इतरांपेक्षा चांगला येतो, असं दिसलं. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये प्रयोग केला. तिथल्या एका विभागात २२४ स्वयंचलित मागांवर २९ कामगार होते. प्रत्येकाला वेगवेगळं काम वाटून दिलेलं होतं, पण गट असा नव्हता. राइस यांनी गटांची कल्पना मांडली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे कामगारांनी आपसात ठरवलं. पुढे उत्पादन सुधारलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं. इथे नात्यांची माहिती कामगारांकडेच होती आणि ती कशी वापरायची हेही त्यांनीच ठरवलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कंपन्यांना हे आता का हवं आहे?

पहिलं कारण घरून काम. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरून काम करू लागल्यावर माणसं आपापल्या गटात अधिक अडकली आणि वेगवेगळ्या विभागांमधले दुवे कमी झाले, असं त्यात दिसलं. चहाच्या टपरीवर सहज होणारी ओळख व्हिडिओ कॉलवर होत नाही.

दुसरं कारण कामाचा असमान भार. रॉब क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं की बहुतेक कंपन्यांत उपयुक्त सहकार्यापैकी २० ते ३५ टक्के भार फक्त ३ ते ५ टक्के कर्मचाऱ्यांवर असतो. ज्याला सगळे विचारतात तोच थकतो आणि तोच सोडून जातो. त्याच्या हुद्द्यावरून किंवा पगारावरून हे कळत नाही.

तिसरं कारण नोकरकपात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जवळपास १२ हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्याचा मुख्य रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. मधल्या फळीची किंमत मोजणं सगळ्यात अवघड असतं. तिचं बरंचसं काम म्हणजे फोन करणं, समजूत काढणं, अडलेली फाइल पुढे सरकवणं. ते कोणत्याही तक्त्यात येत नाही. त्यामुळे अशा वेळी 'कोण खरंच महत्त्वाचं आहे' हे सांगणारा नकाशा कोणत्याही कंपनीला मोहात पाडू शकतो. धोकाही तिथेच आहे. एखाद्याकडे बाण कमी येतात याचा अर्थ तो निरुपयोगी आहे असा नाही. तो नवा असेल, रात्रपाळीत असेल किंवा त्याला जाणीवपूर्वक बाजूला ठेवलं गेलं असेल.

मुंबईचा अनुभव काय सांगतो?

कामाच्या ठिकाणच्या अनौपचारिक नात्यांबद्दल बोलताना परदेशी पुस्तकांत मैत्री, सल्ला, विश्वास असे शब्द येतात. मुंबईत या नात्यांमध्ये गाव, भाषा आणि जातही असते.

गिरणगावात कामगार भरतीचा खरा दरवाजा जॉबर होता. तो आपल्या गावच्या, नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांना कामावर लावायचा. कोकणातून नवा आलेला तरुण ज्या खोलीत राहायचा, तिथल्याच माणसांच्या ओळखीने त्याला बदली कामगार म्हणून काम मिळायचं. हा आधार मोठा होता. पण याच नात्यांनी काहींना बाहेरही ठेवलं. विणकामात, म्हणजे साचेखात्यात, धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. विटाळाच्या कल्पनेपायी सवर्ण कामगारांनी दलित कामगारांना या खात्यात येऊ दिलं नाही, आणि जास्त मजुरी याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ही बंदी मालकाच्या तक्त्यात नव्हती, ती कामगारांच्या आपसातल्या नात्यांमध्ये होती.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी २००१-०२ मध्ये दादर भागातल्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांचं सर्वेक्षण केलं. त्यांचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार वर्गातल्या ज्या जातींकडे नोकरी मिळवून देणारं जातीचं जाळं होतं, त्यांतली मुलगे मराठी माध्यमाकडे आणि पारंपरिक कामांकडे वळत राहिले. मुलींना त्या जाळ्याचा कधी फायदाच झाला नव्हता, त्यामुळे त्या इंग्रजी माध्यमाकडे लवकर गेल्या. एकच नातं आधारही देतं आणि अडकवूनही ठेवतं.

वरच्या पातळीवरचं चित्रही वेगळं नाही. डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांनी २०१२ मध्ये देशातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास केला. त्यातले सुमारे ९३ टक्के सदस्य उच्च जातींचे होते.

म्हणून मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात 'सल्ल्यासाठी कोणाकडे जाता' याचा नकाशा काढला, तर त्यात कौशल्याबरोबर डबा कोण कोणाबरोबर खातं, कोण कोणत्या लोकलने येतं आणि कोणाचं आडनाव काय, हेही उतरलेलं असू शकतं. व्यवस्थापनाला प्रामाणिकपणे बघायचं असेल तर भेदभाव शोधायला हे उत्तम साधन आहे. पण नकाशाच्या मध्यभागी असलेल्यांना 'नेतृत्वगुण असलेले' ठरवून बढती दिली, तर जुनी उतरंड आकडेवारीच्या नावाखाली आणखी पक्की होते.

उत्तरं निनावी राहतात का?

नाही. या पद्धतीत ती निनावी राहूच शकत नाहीत. कोण कोणाकडे जातं हे कळण्यासाठी प्रत्येक उत्तरावर नाव असावंच लागतं. कंपनी फार तर 'गोपनीयता' देऊ शकते. म्हणजे नावं एखाद्या बाहेरच्या सल्लागाराकडे राहतील आणि वरिष्ठांना फक्त एकत्रित चित्र दिसेल. 'निनावी' आणि 'गोपनीय' हे शब्द एकच आहेत असं समजून पुष्कळ जण फॉर्म भरतात.

नावं काढून टाकली तरी ओळख पटतेच. अकाउंट्स विभागात एकच महिला असेल, तर 'अकाउंट्स, महिला, १२ वर्षं नोकरी' असा ठिपका कोणाचा हे शिपायालाही कळेल.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तुम्ही सर्व्हे भरला नाही तरी तुम्ही नकाशात असता. इतरांनी तुमचं नाव घेतलेलं असतं किंवा घेतलेलं नसतं, आणि दोन्हींतून तुमच्याबद्दल काहीतरी नोंदलं जातं. म्हणजे तुमच्या संमतीशिवाय तुमच्याबद्दलची माहिती तयार होते. स्टीफन बोरगाटी आणि होसे लुईस मोलिना या अभ्यासकांनी २००५ मध्ये यासाठी दोन कागद सुचवले होते. एक कर्मचाऱ्यासाठी खऱ्या अर्थाने माहितीपूर्ण संमतीपत्र. दुसरा व्यवस्थापन आणि अभ्यासक यांच्यातला करार, ज्यात कोणती माहिती कोणाला दिसेल आणि तिच्या आधारे कोणते निर्णय घेतले जातील हे आधीच लिहिलेलं असेल.

सर्व्हे न घेताही नकाशा काढता येतो. कोणी कोणाला किती ईमेल पाठवले, किती मीटिंगा केल्या, या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर असतातच. नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' या सुविधेत कर्मचाऱ्यांची नावानिशी माहिती दिसते म्हणून टीका झाली आणि काही दिवसांतच कंपनीने त्यातली नावं काढली. या तुलनेत प्रश्नावलीचा मार्ग बरा, कारण निदान विचारलं तरी जातं.

नकाशात कोण नसतं?

सर्व्हेतल्या नावांची यादी एचआरच्या हजेरीपटावरून तयार होते. हजेरीपटावर फक्त कंपनीचे कर्मचारी असतात. वार्षिक उद्योग सर्वेक्षणाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार देशातल्या कारखान्यांमधल्या दर १० कामगारांपैकी सुमारे ४ कंत्राटी आहेत. हाउसकीपिंग, सुरक्षा, कँटीन, लोडिंग ही कामं करणारी माणसं कंत्राटदाराच्या यादीत असतात.

गोवंडी ज्या एम-पूर्व वॉर्डात येतं, तो मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांमध्ये तळाला होता. इथल्या वस्त्यांमधून रोज सकाळी हजारो माणसं शहरातली ऑफिसं आणि रस्ते झाडायला, माल चढवायला, पहारा द्यायला बाहेर पडतात. ऑफिसातला लिफ्टमन किंवा सफाईचं काम करणाऱ्या मावशी यांना कोण कधी आलं, कोणती खोली रिकामी आहे, कोणाचं काय बिनसलं आहे, हे एचआरपेक्षा जास्त माहीत असतं. तरी त्यांच्या नावाचा ठिपका नसतो.

यादीत नसणं ही किरकोळ बाब नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम कर्मचारी म्हणून मान्यता मिळवण्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत लढावं लागलं. वर्षानुवर्षं शहराचा कचरा उचलूनही कागदावर ते महापालिकेचे नव्हते. अर्धवट यादीवरून काढलेला नकाशा अर्धवट असतो, पण पडद्यावर तो पूर्ण दिसतो.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत.

कायद्याचं मूळ तत्त्व असं की माणसाची माहिती त्याच्या संमतीने वापरावी. पण कलम ७ मध्ये काही 'वैध उपयोग' दिले आहेत, ज्यांना संमती लागत नाही. त्यातला एक आहे रोजगाराच्या उद्देशाने केलेला वापर. पगार, हजेरी, भविष्य निर्वाह निधी यांसाठी ही सवलत समजण्यासारखी आहे. 'तुम्हाला कोणावर विश्वास वाटतो' हा प्रश्न त्यात बसतो का? कायद्याच्या शब्दांत याचं थेट उत्तर नाही.

यात आणखी एक मेख आहे. आपल्याबद्दल कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा कलम ११ मधला हक्क संमतीशी जोडलेला आहे. कंपनीने संमती न घेता 'रोजगाराचा उद्देश' पुढे केला, तर नकाशात मी कुठे आहे हे विचारण्याचा हक्कही कमजोर होतो. त्यामुळे सर्व्हेच्या सुरुवातीचा संमतीचा चौकोन ही केवळ औपचारिकता नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेतली गेली. त्यात प्रश्न विचारणारी व्यक्ती आधी उद्देश सांगते, संमती घेते आणि 'उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका' असंही सांगते. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. पगार देणाऱ्याला नाही म्हणणं तितकं सोपं नसतं. म्हणून ऑफिसातल्या सर्व्हेला त्याहून कडक नियम हवेत, आणि सध्या ते त्याहून सैल आहेत.

सर्व्हे आला तर काय विचारायचं?

पाच प्रश्न पुरेसे आहेत आणि ते लेखी विचारलेले बरे.

एक, नावांसकट उत्तरं कोण पाहणार? बाहेरचा सल्लागार, एचआर की थेट माझे वरिष्ठ?

दोन, या माहितीच्या आधारे बढती, बदली, पगारवाढ किंवा कपात यांचे निर्णय होणार आहेत का? 'नाही' असं उत्तर आलं तर ते लेखी द्या.

तीन, मला माझा स्वतःचा नकाशा पाहायला मिळेल का? आणि मी भरला नाही तर माझं नाव यादीतून काढलं जाईल का?

चार, कंत्राटी सहकारी यात आहेत का? नसतील तर अहवालात तसं स्पष्ट लिहिलं जाईल का?

पाच, ही माहिती किती दिवस ठेवणार आणि नंतर कशी नष्ट करणार?

युनियन किंवा कर्मचाऱ्यांची समिती असेल तर हे प्रश्न तिच्यामार्फत जाणं सगळ्यात चांगलं, कारण एकट्याने विचारणारा माणूसही नजरेत भरतो. एचआरलाही यात फायदा आहे. विश्वास नसेल तर लोक वरिष्ठांची आणि सुरक्षित वाटणारी नावं लिहून मोकळे होतात. मग ज्याच्यावर साठ माणसांचं काम अडतं, तो स्टोअरकीपर नकाशात दिसतच नाही.